हजाएल : ज्याला पाहून संदेष्टा रडला



आपल्या बायबल अभ्यासवर्गात राजांचा दुसरा ग्रंथ सुरू आहे. आठव्या अध्यायापाशी आलो तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजींनी आम्हाला अडवले. हा माणूस पुढे काय करणार हे देवाला ठाऊक होते, तर देवाने त्याला राजा का होऊ दिले, असा त्यांचा साधा प्रश्न होता. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. म्हणून या रविवारी संताचे चरित्र बाजूला ठेवून त्या माणसाचे चरित्र देत आहोत. तो संत नव्हता, इस्राएली नव्हता, आपल्या देवाला मानणाराही नव्हता. तो अरामी लोकांचा राजा हजाएल.

आधी अरामी कोण, ते थोडक्यात पाहू. आजच्या सिरिया देशात आणि त्याच्या आसपास यांची लहानमोठी राज्ये होती. त्यांतले सर्वांत बलाढ्य दमास्कसचे, म्हणजे आपल्या मराठी बायबलातील दिमिष्कचे. हे लोक इस्राएलचे शत्रू म्हणून आपल्याला माहीत आहेत, पण ते आधी नातेवाईक होते. रिबेका अरामी घरातली. तिचा भाऊ लाबान अरामी, आणि याकोबाच्या दोन्ही बायका त्याच्याच मुली. पहिले पीक वेदीपुढे आणताना प्रत्येक इस्राएली माणसाने आपला पूर्वज भटका अरामी होता असे कबूल करायचे, असा नियम अनुवाद ग्रंथात आहे. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दर तीन वर्षांनी आपण हे वाचन ऐकतो. पुढे याच लोकांची भाषा साऱ्या पश्चिम आशियात पसरली. दानीएल व एज्रा या ग्रंथांतील काही भाग तिच्यात आहेत, आणि नाझरेथच्या घरात मरियामाता बाळ येशूशी याच भाषेत बोलत असे. आपल्या केरळी शेजाऱ्यांच्या उपासनेत जी सुरियानी ऐकू येते, तीही याच भाषेची लेक. म्हणजे हा वैरी भाऊबंदांतलाच होता. भाऊबंदकी किती खोल जाते हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

हजाएलचे नाव बायबलात पहिल्यांदा येते ते होरेब पर्वतावर. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला एलीया तिथे गुहेत बसला आहे. वारा, भूकंप, अग्नी आणि मग ती मंद वाणी. हा प्रसंग आपल्या सर्वांच्या आवडीचा. ध्यानसाधनेच्या शिबिरात तो हमखास येतो. पण ती मंद वाणी पुढे काय म्हणाली, हे फारसे कुणी सांगत नाही. तिने एलीयाला तीन कामे दिली : हजाएलला अरामाचा राजा म्हणून अभिषेक कर, येहूला इस्राएलचा राजा म्हणून, आणि अलीशाला आपल्या जागी संदेष्टा म्हणून. तीन नावांत पहिले नाव परक्याचे, आणि तेही भावी शत्रूचे. आपल्या रविवारच्या वाचनांत गंमत अशी की एका वर्षी हे वाचन या आज्ञेच्या अलीकडेच थांबते आणि दुसऱ्या एका वर्षी नेमके अलीशाच्या नावापासून सुरू होते. हजाएल दोन्ही वेळा वगळला जातो. सामान्यकाळाच्या दहाव्या आठवड्यात, दर सम वर्षी, शुक्रवारच्या मिस्साला तेवढा तो येतो. तो शुक्रवार पवित्र हृदयाच्या सणाचा निघाला, तर तेही हुकते.

त्या काळी दमास्कसच्या गादीवर जो राजा होता त्याला बायबल बेन-हदाद म्हणते, तर अश्शूरी लेख हदादएजेर म्हणतात. इ.स.पू. ८५३ मध्ये ओरोंतेस नदीकाठच्या कर्कर येथे अश्शूरचा सम्राट तिसरा शल्मनेसेर याला अडवण्यासाठी अनेक छोट्या राजांनी एकी केली. दमास्कसच्या राजाने १,२०० रथ आणले, इस्राएलच्या अहाबाने २,००० रथ आणि १०,००० पायदळ. हे आकडे अश्शूरी शिलालेखातले आहेत आणि कदाचित फुगवलेलेही असतील, पण अहाबाचा तो दोन हजारांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. एकत्र होते तोवर या राजांना शल्मनेसेर पुरता मोडू शकला नाही. मग दमास्कसचा राजा आजारी पडला.

इथे आपल्या कथेचा गाभा आहे, म्हणून थोडे सावकाश जाऊ.

अलीशा दमास्कसला आला आहे असे राजाला कळले. या राजाच्या दरबारी अलीशाची कीर्ती होतीच. नामान सेनापतीचा कुष्ठरोग त्याच्या शब्दाने यार्देन नदीत धुऊन गेला होता. राजाने हजाएलला नजराणा देऊन पाठवले. चाळीस उंटांवर दमास्कसचे उत्तमोत्तम पदार्थ लादलेले. प्रश्न एकच : मी यातून बरा होईन का? अलीशाचे उत्तर चमत्कारिक आहे. राजाला सांग की तू बरा होशील, पण तो मरणार हे परमेश्वराने मला दाखवले आहे. जुन्या हिब्रू लेखनिकांनाही हे वाक्य अवघड गेले असावे, कारण एकाच उच्चाराचा शब्द दोन प्रकारे लिहिलेला त्यांनी नोंदवून ठेवला आहे. एका प्रकारे वाचले तर बरा होशील असे त्याला सांग, दुसऱ्या प्रकारे वाचले तर बरा होणार नाहीस असे सांग. आम्हाला वाटते, पहिला अर्थच प्रसंगाला धरून आहे. आजाराने राजा मरणार नव्हता. मरण दुसरीकडून येणार होते आणि ते अलीशासमोर नजराणा घेऊन उभे होते.

मग अलीशाने त्याच्याकडे टक लावून पाहिले. इतका वेळ पाहिले की समोरच्याला अवघड व्हावे. आणि तो रडू लागला. हजाएलने कारण विचारले. अलीशाने ते झाकले नाही. तू इस्राएलच्या गढ्यांना आग लावशील, तरुणांना तलवारीने कापशील, लेकरे आपटशील, गरोदर स्त्रियांनाही सोडणार नाहीस, असे त्याने सांगितले. हजाएल म्हणाला की मी तर कुत्र्यासारखा क्षुद्र, एवढे मोठे काम माझ्या हातून कसे होणार? हे उत्तर पुन्हा एकदा नीट वाचावे. या वर्णनाने तो हादरला नाही. त्याला ते मोठे काम वाटले. तू राजा होशील एवढेच अलीशा बोलला, आणि दोघे वेगळे झाले.

हजाएल परत गेला आणि तुम्ही बरे व्हाल असे त्याने धन्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी जाडसर वस्त्र पाण्यात भिजवून राजाच्या तोंडावर पसरले गेले. राजा मेला आणि हजाएल गादीवर बसला.

शल्मनेसेरच्या लेखनिकांनीही ही घटना आपल्या परीने टिपली. अश्शूर नगरीत सापडलेल्या त्याच्या पुतळ्यावरील लेखात हदादएजेर गेला आणि ज्याच्या बापाचे नावही घ्यावे असे काही नाही अशा हजाएलने सिंहासन घेतले, या अर्थाची नोंद आहे. दोन वेगळ्या देशांतले, एकमेकांशी काही देणेघेणे नसलेले लेखक एका गोष्टीवर एकमत आहेत : हा माणूस वारसाने राजा झाला नाही. हे साधारण इ.स.पू. ८४३ च्या सुमाराचे.

आता आजींच्या प्रश्नाकडे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देवाचे पूर्वज्ञान आणि माणसाचे स्वातंत्र्य हा प्रश्न आम्हाला परीक्षेला होता. बोएथियसचा आधार घेऊन आम्ही चार पाने लिहिली होती. तुम्हाला एखादा माणूस चालताना दिसतो म्हणून काही तुम्ही त्याला चालवत नाही, आणि देवाचे पाहणे तसे आहे, त्याला सारा काळ एकदम दिसतो. संत थॉमस अॅक्विनास यांनीही सांगितले की देव वाईट घडवत नाही, घडू देतो, आणि त्यातूनही चांगले काढण्याइतका तो समर्थ आहे. हे सारे खरे आहे आणि आजही आम्ही तेच शिकवू. पण अलीशा त्या दिवशी काय करतो पाहा. तो स्पष्टीकरण देत नाही. समोर उभा असलेला माणूस देवाच्या योजनेत आहे हे त्याला ठाऊक आहे, त्याचे नाव होरेबवर उच्चारले गेले हे ठाऊक आहे, आणि तरीही तो त्या लेकरांसाठी रडतो. चांगले गुण मिळालेल्या त्या चार पानांत कुणाच्या डोळ्यांतले पाणी नव्हते.

आणखी एक बारीक गोष्ट. देवाने अभिषेक सांगितला होता, पण हजाएलच्या डोक्यावर कुणी तेल ओतल्याचे बायबलात कुठेही नाही. येहूला तेल लागले, अलीशाच्या खांद्यावर एलीयाचा झगा पडला. हजाएलच्या वाट्याला फक्त ते अश्रू आले. आणि ओले वस्त्र त्याच्या हाती अलीशाने दिले नव्हते. राज्य तुझे होणार एवढेच त्याला कळले होते. ते कसे घ्यायचे, हे त्याने स्वतः ठरवले.

राजा झाल्यावर त्याची पहिली गाठ रामोथ-गिलाद येथे इस्राएलच्या योरामाशी पडली. यहूदाचा राजा अहज्या योरामाच्या मदतीला होता. योराम जखमी होऊन इज्रेलला परतला आणि पुढे येहूने दोन्ही राजांचा काटा काढला, असे बायबल सांगते. १९९३ आणि १९९४ साली उत्तर इस्राएलमध्ये तेल दान येथे अव्राहाम बिरान यांच्या उत्खननात एका काळ्या शिळेचे तुकडे मिळाले. त्यावर अरामी भाषेत एक राजा सांगतो की इस्राएलचा राजा आणि दाविदाच्या घराण्याचा राजा या दोघांना आपणच मारले. शिळा फुटल्यामुळे लिहिणाऱ्याचे नाव गेले आहे, पण बहुतेक विद्वान तो हजाएलच मानतात. मग मारले कुणी? युद्धात जखमी हजाएलने केले आणि शेवट येहूने केला, असे मानले तर दोन्ही गोष्टींना जागा उरते. विजयाचे श्रेय घेण्यात राजे कधी मागे राहत नाहीत. या शिळेचे खरे मोल वेगळेच आहे. दाविदाच्या घराण्याचा बायबलबाहेरचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख तिच्यावर आहे. दाविदाचे नाव शत्रूने दगडात कोरून आपल्यासाठी जपून ठेवले.

जुनी एकी मात्र मोडली होती. इ.स.पू. ८४१ मध्ये शल्मनेसेर पुन्हा आला तेव्हा हजाएलच्या बाजूला कुणी नव्हते. हर्मोन डोंगराच्या आडोशाने त्याने मोर्चे बांधले. अश्शूरी लेखांप्रमाणे त्याचे सोळा हजार सैनिक पडले, १,१२१ रथ गेले, दमास्कसला वेढा पडला आणि भोवतालच्या बागा तोडल्या गेल्या. पण शहर पडले नाही. त्याच मोहिमेत येहूने शल्मनेसेरला खंडणी दिली. १८४६ साली निमरूद येथे सापडलेल्या आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या काळ्या स्तंभावर तो जमिनीला कपाळ टेकवून वाकलेला दिसतो. इ.स.पू. ८३८ मध्ये अश्शूरी पुन्हा येऊन गेले, आणि मग पुढची तीसेक वर्षे त्यांनी दमास्कसकडे पाहिले नाही. हजाएल एकटा उभा राहिला होता आणि टिकला होता. शेजारी वाकले होते. त्याने ते विसरून जाण्याचे कारण नव्हते.

मग त्याने अलीशाने पाहिलेले सारे केले. येहूच्या दिवसांत यार्देनच्या पूर्वेचा सगळा मुलूख, आर्णोनपासून गिलाद आणि बाशानपर्यंत, त्याने घेतला. पश्चिमेला उतरून त्याने पलिष्ट्यांचे गथ घेतले, म्हणजे गल्याथाचे गाव. तेल एस-साफी येथे आरेन माएर यांच्या पथकाने अनेक वर्षे उत्खनन केले. गावाभोवती खडकात खणलेला दोन किलोमीटरहून लांब वेढ्याचा चर तिथे सापडला, आणि जळून कोसळलेली घरे, आतली भांडी होती तिथेच दबलेली. २०२२ साली शास्त्रज्ञांनी अशा जळक्या विटांमधील चुंबकीय खुणा तपासून दाखवले की गथबरोबर इतरही काही गावे एकाच सुमारास, इ.स.पू. ८३० च्या आसपास, जळाली असावीत. बायबलातील एका ओळीमागे केवढी राख आहे!

गथहून तो जेरुसलेमकडे वळला. तिथे योआश राज्य करत होता. या राजाने मंदिराची डागडुजी केली होती. यहोयादा याजकाने झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ ठेवली, लोकांनी पैसे टाकले आणि सुतार-गवंड्यांना मजुरी मिळाली. काम पाहणारे इतके प्रामाणिक होते की त्यांच्याकडून हिशेबही मागितला जात नसे. (आमच्या फायनान्स कमिटीने हे वाक्य वाचून खूश होऊ नये, हिशेब आम्ही मागणारच.) हजाएल येतो आहे म्हटल्यावर योआशाने मंदिरातील आणि राजवाड्यातील होते नव्हते ते सोने, पूर्वजांनी अर्पण केलेल्या वस्तूंसकट, त्याच्याकडे पाठवून दिले. तो परत फिरला. लोकांच्या भक्तीने जमलेली संपत्ती दमास्कसच्या वाटेला लागली. योआशाला दोष द्यायला आमचे मन धजत नाही. गथचे काय झाले होते, हे त्याला माहीत होते.

उत्तरेत येहूचा मुलगा यहोआहाज होता. हजाएलने त्याच्यापाशी किती सैन्य उरू दिले, याचा हिशेब बायबलात आहे : ५० स्वार, १० रथ आणि १०,००० पायदळ. अहाबाचे २,००० रथ आठवले ना? आता दहा. खळ्यातल्या धुळीसारखी त्या लोकांची गत झाली होती, असे ग्रंथकार म्हणतो. पुढे आमोस संदेष्ट्यानेही खळ्याचीच उपमा घेतली. गिलादला लोखंडी मळणीयंत्रांखाली तुडवले, म्हणून हजाएलच्या घराला आग लागेल, असे त्याने बजावले. मळणी पाहिलेल्या माणसाला यावर वेगळे भाष्य नको.

आता दुसरी बाजू. दमास्कसला विचारले असते तर या राजाचे चित्र कसे निघाले असते? त्याचे राज्य उत्तर सिरियापर्यंत वजन राखून होते. उत्तर सिरियातील अर्सलान ताश येथे सापडलेल्या हस्तिदंती पट्टीवर आमचा स्वामी हजाएल, असा त्याचा मानाने उल्लेख आहे. ग्रीसच्या सामोस बेटावरील हेरा देवीच्या मंदिरात घोड्याच्या कपाळावर बांधायचा एक काशाचा दागिना मिळाला. त्यावरही त्याचे नाव असून, त्याने नदी ओलांडली त्या वर्षीची ती भेट आहे असे कोरले आहे. तो दागिना समुद्रापलीकडे कसा गेला, देव जाणे. अश्शूरी लोक त्याच्या मरणानंतरही दमास्कसच्या राज्याला हजाएलचे घर म्हणत. आणि येशूनंतरच्या पहिल्या शतकात ज्यू इतिहासकार योसेफस लिहितो की दमास्कसचे लोक अजूनही हजाएलला आणि त्याच्या आधीच्या राजाला देव मानतात, कारण त्यांनी शहर सजवले, मंदिरे बांधली. त्या दोघांच्या नावाने रोज मिरवणुका निघतात. खून करणारा आणि ज्याचा खून झाला तो, दोघे एकाच मिरवणुकीत! संत पौल आंधळा होऊन दमास्कसच्या सरळ नावाच्या रस्त्यावरील घरी राहिला, तेही हेच शतक.

चाळीसेक वर्षे राज्य करून हजाएल मेला. बायबल त्याच्या मरणाला अर्धी ओळ देते आणि त्याचा मुलगा बेन-हदाद गादीवर आला असे सांगते. मुलाला त्याने वैऱ्याचेच नाव दिले होते, म्हणजे मारलेल्या राजाचे. मुलाच्या हाती बापाचा मुलूख टिकला नाही. इ.स.पू. ७३२ मध्ये तिसऱ्या तिग्लथ-पिलेसराने दमास्कस घेतले, शेवटचा राजा रसीन मारला गेला आणि लोकांना कीर येथे नेण्यात आले. तेच कीर, जिथून आपण अरामी लोकांना आणले असे देव आमोसाच्या तोंडून सांगतो, आणि इस्राएलला मिसरातून आणल्याच्या बरोबरीने सांगतो. आमोसाच्या श्रोत्यांना ही बरोबरी आवडली असेल असे वाटत नाही.

मागच्या शनिवारी हे सारे आम्ही वर्गात मांडले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले. बोएथियस त्यांना फारसा पटला नसावा. त्यांनी एवढेच विचारले की अलीशा पुढे त्या राजाला भेटला का. भेटल्याचे बायबलात नाही. पण मरणशय्येवर असताना इस्राएलचा राजा, यहोआहाजाचा मुलगा योआश, त्याच्याकडे आला. अलीशाने पूर्वेची खिडकी उघडायला लावली. राजाच्या हातांवर आपले थकलेले हात ठेवून अरामाच्या दिशेला बाण सोडायला लावला. मग उरलेल्या बाणांनी जमिनीवर मार म्हणाला. राजाने तीनदा मारले आणि थांबला. म्हातारा संदेष्टा संतापला, की पाच-सहा वेळा तरी मारायचे होते. पुढे त्या राजाने हजाएलच्या मुलाला बरोबर तीनदा हरवले आणि गेलेली गावे परत घेतली.